एसएससी आणि केपीएससीसाठी इंग्रजी इडियम्स: याद्या पाठ आहेत, पण पर्यायांत गोंधळ होतो. काय करावं?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

नमस्कार मंडळी. एसएससी सीजीएल (केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनची पदवीधरांसाठीची परीक्षा) आणि केपीएससीची (कर्नाटक लोकसेवा आयोगाची) एफडीए, म्हणजे फर्स्ट डिव्हिजन असिस्टंटची परीक्षा, अशी दोन्हींची तयारी एकत्र चालू आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे पीयूसी (अकरावी-बारावी) आणि डिग्री इंग्रजीतून. पॅसेज, क्लोज टेस्ट, व्याकरण ठीक आहे. इडियम्स अँड फ्रेजेसमध्ये (वाक्प्रचारांत) मात्र दोन पर्याय सारखेच वाटतात. उदाहरणार्थ 'बर्न द मिडनाइट ऑइल' आणि 'बर्न द कँडल ॲट बोथ एंड्स' यांत नेमका फरक काय? 'पुल समवन्स लेग' म्हणजे आपलं 'पाय ओढणे' का?

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ए टू झेड यादी त्याच क्रमानं करावी का? वहीत अर्थ मराठीत लिहावा की इंग्रजीत? आणि खात्री नसेल तर टिक करावं की सोडून द्यावं? जाणकारांनी सविस्तर सांगितलं तर बरं होईल. इथं बेळगावात लायब्ररीत बसणाऱ्या पुष्कळ जणांना हाच प्रश्न आहे.

चिकोडीकर सर

ताई, ए टू झेड यादी आधी बाजूला ठेवा. त्या क्रमात 'बाइट द बुलेट', 'बाइट द डस्ट' आणि 'बाइट ऑफ मोर दॅन वन कॅन च्यू' एकाखाली एक येतात. तिन्ही नवीन असताना एकाच दिवशी वाचले की शब्द लक्षात राहतात आणि अर्थांची अदलाबदल होते. पहिल्या फेरीत अर्थानुसार गट करा. भांडणाचे वेगळे: 'ॲट लॉगरहेड्स', 'ॲट डॅगर्स ड्रॉन', 'बोन ऑफ कंटेन्शन', 'बरी द हॅचेट'. पैशाचे वेगळे: 'मेक बोथ एंड्स मीट', 'लिव्ह फ्रॉम हँड टू माउथ', 'कॉस्ट अ‍ॅन आर्म अँड अ लेग', 'इन द रेड'. रोज दहा पुरे. दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी तेच दहा पुन्हा बघायचे. सगळी फेरी झाली की मग एका शब्दावरचे इडियम्स मुद्दाम शेजारी लिहून फरक बघा. आधी फरक बघायला गेलात तर डोक्यात खिचडी होते.

वहीबद्दल माझं मत पक्कं आहे. अर्थ इंग्रजीतच लिहायचा, कारण पर्याय इंग्रजीत असतात. 'ऑन टेंटरहुक्स' म्हणजे जीव टांगणीला लागणे हे अगदी बरोबर, पण पेपरात 'इन सस्पेन्स' किंवा 'अँक्शस' दिसतं. 'ऑफ द कफ'चा अर्थ 'विदाउट प्रेपरेशन' पाठ असतो आणि पर्यायात 'इम्प्रॉम्प्टू' येतं. तो शब्द माहीत नसेल तर इडियम येत असूनही मार्क जातो. म्हणून प्रत्येक इडियमपुढं दोन इंग्रजी अर्थ, एक वाक्य, आणि शेवटी मराठी. वाक्य स्वतः बनवण्यापेक्षा डिक्शनरीतलं किंवा जुन्या पेपरातलं उतरवा. स्वतः बनवलेल्या वाक्यात चुकीचा अर्थ बसला तर तोच पक्का होतो.

मराठी कुठं चालतं आणि कुठं फसवतं ते बघा. काही तंतोतंत जुळतात, त्यावर वेळ घालवू नका: आगीत तेल ओतणे, डोळ्यांत धूळ फेकणे, एका दगडात दोन पक्षी, नाक खुपसणे, नक्राश्रू, पांढरा हत्ती. काहींत चित्र वेगळं पण अर्थ तोच: 'स्मेल अ रॅट' म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय असं वाटणं, 'मेक अ माउंटन आउट ऑफ अ मोलहिल' म्हणजे राईचा पर्वत करणं. हे मराठीतून पटकन बसतात.

तिसरा ढीग धोक्याचा. तुमचा 'पुल समवन्स लेग' त्यातलाच. इंग्रजीत त्याचा अर्थ थट्टा करणे, गमतीनं खोटं सांगून फिरकी घेणे. आपल्या 'पाय ओढणे'त दुसऱ्याची प्रगती अडवणं आहे. प्रश्नात 'टू हिंडर समवन' असा पर्याय हमखास ठेवता येतो आणि मराठी, हिंदीवाले तिथंच जातात. 'वॉश वन्स हँड्स ऑफ समथिंग' म्हणजे जबाबदारीतून अंग काढून घेणे. आपण वाहत्या गंगेत हात धुऊन घेतो तेव्हा फायदा उचलतो, नेमकं उलट. 'हँड इन ग्लोव्ह' वाचून हातात हात घालून काम करणं आठवतं, पण इंग्रजीत ते बहुतेक वेळा वाईट कामातलं संगनमत असतं. 'पे थ्रू द नोज'चा नाकी नऊ येण्याशी संबंध नाही. अव्वाच्या सव्वा किंमत मोजणे असा अर्थ आहे. अशा इडियम्ससाठी वहीची मागची पानं ठेवा आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी फक्त तीच वाचा.

निपाणीची ताई

सरांनी वहीचं सांगितलं, मी पर्याय कसे रचतात ते सांगते. चार पर्यायांत बरोबर उत्तर एक, उरलेले तीन तीन जातींचे असतात. पहिला शब्दशः. 'कट अ सॉरी फिगर' दिलं की 'टू अपॉलोजाइझ' हा पर्याय असणारच, कारण सॉरी शब्द दिसतो. खरा अर्थ फजिती होणे, वाईट छाप पडणे. दुसरा उलट अर्थाचा. तिसरा अर्धवट बरोबर, आणि चांगला अभ्यास केलेली मुलं इथंच सापडतात.

अर्धवटाचं उत्तम उदाहरण 'हॉब्सन्स चॉइस'. पर्याय असतात 'अ डिफिकल्ट चॉइस' आणि 'नो रिअल चॉइस ॲट ऑल'. केंब्रिजमध्ये थॉमस हॉब्सन नावाचा घोडे भाड्यानं देणारा माणूस होता, १६३१ मध्ये वारला. दाराजवळचा घोडा घ्या नाहीतर चालू लागा, असा त्याचा नियम. म्हणजे निवड नाहीच. अवघड निवडीसाठी 'ऑन द हॉर्न्स ऑफ अ डिलेमा' आहे, आणि इकडे आड तिकडे विहीर यासाठी 'बिटवीन द डेव्हिल अँड द डीप सी'. हे तीन एकत्र लिहून ठेवा.

तुमचा 'बर्न'चा प्रश्न. 'मिडनाइट ऑइल' म्हणजे रात्री उशिरापर्यंत जागून काम किंवा अभ्यास करणे. यात दोष नाही, उलट कौतुकच असतं. 'कँडल ॲट बोथ एंड्स' म्हणजे पहाटेही उठणं, रात्रीही जागणं आणि शरीर झिजवून घेणं. तिथं 'एक्झॉस्ट वनसेल्फ' ही छटा हवीच. वाक्यात पुढं आजारी पडला, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असं काही आलं तर दुसरा. म्हणून प्रत्येक इडियमपुढं अधिक किंवा उणे चिन्ह घाला: बोलणारा स्तुती करतोय की नावं ठेवतोय? 'फेदर इन वन्स कॅप' अधिक, म्हणजे शिरपेचात तुरा. 'फेदर वन्स नेस्ट' उणे, म्हणजे पदाचा गैरवापर करून घर भरणं. 'शो द व्हाइट फेदर' उणे, भ्याडपणा दाखवणं. अर्थ अंधुक आठवत असला तरी चिन्हावरून दोन पर्याय उडतात.

आता टिक करायचं की नाही. हा हिशेब मनात नको, कागदावर करा. सीजीएल टिअर १ मध्ये, म्हणजे पहिल्या टप्प्यात, १०० प्रश्न, २०० गुण, ६० मिनिटं. त्यात इंग्रजीचे २५ प्रश्न. बरोबरला २, चुकीला उणे ०.५०. चारही पर्यायांत अजिबात काही कळत नसेल तर डोळे मिटून टिक केल्यावर सरासरी ०.१२५ गुण, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. एक पर्याय नक्की चूक असल्याचं कळलं तर ०.३३. दोन उडवले तर ०.७५. टिअर २ च्या इंग्रजीत ४५ प्रश्न, १३५ गुण, बरोबरला ३ आणि चुकीला उणे १. तिथं आंधळ्या टिकची सरासरी बरोबर शून्य. एक उडवला तर ०.३३, दोन उडवले तर पूर्ण १. सीडीएसला (सैन्यात अधिकारी होण्याच्या परीक्षेला) चुकीला एक तृतीयांश कपात आहे, तिथंही आंधळा टिक शून्यच.

म्हणून नियम असा: किमान एक पर्याय कारणासकट उडवता आला तरच टिक करा, आणि दोन उडवता आले तर सोडायचा प्रश्नच नाही. 'कारणासकट' यावर जोर आहे. 'हा बरोबर वाटत नाही' हे कारण नव्हे. एका इडियमवर २० सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. हा भाग आठवला तर आठवला असा आहे, विचार करून उत्तर येत नाही. तो वाचवलेला वेळ पॅसेजला लागतो. गुणांची पद्धत बदलू शकते, फॉर्म भरताना त्या वर्षीचं नोटिफिकेशन एकदा वाचा.

अथणी_तयारी

दोन्ही उत्तरं मस्त. सीमाभागातल्या मुलांसाठी एक गोष्ट जोडतो. आपल्याकडं मराठीबरोबर कन्नडही कानावर असतं, त्याचा उपयोग करून घ्या. 'मोसळे कण्णीरु' म्हणजे मगरीचे अश्रू, सरळ 'क्रोकोडाइल टिअर्स'. मराठीतला नक्र शब्द मुलांना कळत नाही, पण मोसळे बाजारातल्या माणसालाही कळतं. 'उरियुव बेंकिगे तुप्प सुरियुवुदु' म्हणजे जळत्या आगीत तूप ओतणं, आपल्या तेलाच्या जागी तूप. 'गायद मेले बरे' म्हणजे जखमेवर डाग देणं, इंग्रजीत 'ॲड इन्सल्ट टू इंज्युरी', मराठीत जखमेवर मीठ चोळणं. तीन भाषांतून एकच अर्थ आला की तो पुसला जात नाही.

पण इथंही एक सापळा आहे. इंग्रजीत 'गिव्ह अ हँड' म्हणजे मदत करणे. मराठीत हात देणं तेच. कन्नडमध्ये मात्र 'कै कोडु' म्हणजे ऐन वेळी दगा देणं, अर्ध्यात सोडणं. घरी कन्नड बोलणारी मुलं इथं 'टू बिट्रे' बघून थांबतात. त्यांनी हा मागच्या पानांत लिहावा.

एफडीए आणि एसडीए (सेकंड डिव्हिजन असिस्टंट) परीक्षांबद्दल. तिथं जनरल कन्नड किंवा जनरल इंग्लिश यांतला एक पेपर निवडता येतो. मराठी माध्यमातून आलेले बहुतेक जण इंग्लिश घेतात, ते योग्यच आहे. पण सक्तीची कन्नड भाषा परीक्षा वेगळी असते. तिचे गुण मेरिटमध्ये धरत नाहीत, तरी ती पास झाल्याशिवाय पुढचं काही खरं नाही. इडियम्सवर रोज अर्धा तास देत असाल तर कन्नड लेखनालाही तेवढा द्या. आणि बँकेच्या परीक्षेत, आयबीपीएसला, इडियमचा नुसता अर्थ क्वचित विचारतात. वाक्यात तो बरोबर वापरलाय का, किंवा अधोरेखित भागाऐवजी काय बसेल, असं येतं. तिथं यादी कमी आणि वाचन जास्त कामाला येतं. इंग्रजी पेपरचं संपादकीय पान रोज वाचायचं आणि त्यातला इडियम आख्ख्या वाक्यासकट उतरवायचा.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पर्याय उडवायचा हिशेब आजच वहीत उतरवते. अजून एक: ग्रीक, रोमन नावांचे इडियम्स कसे लक्षात ठेवायचे? 'गॉर्डियन नॉट', 'पिरिक व्हिक्टरी', 'क्रॉस द रुबिकॉन' सगळे एकसारखे वाटतात. आणि प्रत्येक इडियमचा उगम वाचावा का?

वेणुग्राम

या गटापुरता उगम जरूर वाचा, बाकीच्यांचा नको. इथं गोष्ट कळली की अर्थ आपोआप निघतो, आणि सीजीएलच्या जनरल अवेअरनेसलाही तोच इतिहास लागतो.

रुबिकॉन ही इटलीतली लहानशी नदी. सैन्य घेऊन ती ओलांडणं रोमच्या सेनापतीला मना होतं. ज्युलियस सीझरनं इसवी सनपूर्व ४९ मध्ये ती ओलांडली आणि यादवी युद्ध सुरू झालं. अर्थ: आता माघार नाही असा निर्णय घेणे. पर्यायात 'इर्रिव्होकेबल' किंवा 'पॉइंट ऑफ नो रिटर्न' शोधा. 'ओव्हरकम अ‍ॅन ऑब्स्टॅकल' हा पर्याय नदी ओलांडण्यावरून बनवलेला शब्दशः सापळा आहे.

पिऱ्हस हा एपिरसचा राजा. इसवी सनपूर्व २७९ मध्ये अ‍ॅस्क्युलमला त्यानं रोमनांना हरवलं, पण स्वतःची इतकी माणसं गमावली की जिंकून काही उरलं नाही. आपल्याला यासाठी १६७० चा कोंढाणा आहे, गड आला पण सिंह गेला. नुकसानीनं पोकळ झालेला विजय एवढंच लक्षात ठेवा. 'इझी व्हिक्टरी' किंवा 'डिसायसिव्ह व्हिक्टरी' दिसलं की उडवा.

'मीट वन्स वॉटर्लू' मराठी माणसाला शिकवायला लागू नये. १८१५ मध्ये नेपोलियनचा वॉटर्लूला शेवटचा पराभव झाला. १७६१ नंतर आपण 'पानिपत होणे' म्हणतो, तोच भाव. मात्र साधा पराभव नव्हे, इतके दिवस जिंकत आलेल्याचा शेवटचा पराभव.

गॉर्डियम या प्राचीन शहरातली एक गाठ कुणाला सुटेना. अलेक्झांडरनं इसवी सनपूर्व ३३३ मध्ये ती तलवारीनं कापली अशी कथा आहे. म्हणून 'गॉर्डियन नॉट' म्हणजे अतिशय किचकट अडचण, आणि 'कट द गॉर्डियन नॉट' म्हणजे ती धाडसानं, थेट उपायानं सोडवणं. प्रश्नात 'कट' आहे की नाही ते आधी बघा, त्यावर उत्तर फिरतं.

'सोर्ड ऑफ डॅमोक्लीज' म्हणजे डोक्यावर टांगती तलवार, मराठीत जसाच्या तसा रुळलाय. 'अकिलीज हील' म्हणजे बलवानाचं एकमेव दुबळं ठिकाण, आपल्याकडं दुर्योधनाची मांडी. 'रीड द रायट ॲक्ट' ग्रीक नाही पण याच गटात ठेवा. ब्रिटनच्या १७१४ च्या कायद्यानुसार बारा किंवा अधिक लोकांचा दंगलखोर जमाव जमला की अधिकारी जाहीरनामा वाचून दाखवायचा, तासाभरात पांगा नाहीतर शिक्षा. आज अर्थ कडक शब्दांत तंबी देणे.

बाकी इडियम्सच्या उगमाच्या गोष्टी इंटरनेटवर भरपूर फिरतात. 'रेन कॅट्स अँड डॉग्स'च्याच पाच-सहा निरनिराळ्या कथा सापडतात आणि एकीलाही भक्कम पुरावा नाही. त्यात संध्याकाळ घालवू नका. मुसळधार पाऊस, झालं.

चिकोडीकर सर

वेणुग्राम यांनी 'कट'बद्दल लिहिलं ते फार महत्त्वाचं आहे. इडियमचं रूप ठरलेलं असतं, आणि एरर स्पॉटिंगमध्ये नेमकं तेच मोडून देतात. 'फाइट टूथ अँड नेल', इथं 'नेल्स' चालत नाही. 'ॲट सिक्सेस अँड सेव्हन्स' आणि 'बाय लीप्स अँड बाउंड्स', इथं मात्र अनेकवचनच हवं. 'इन द निक ऑफ टाइम' मधला 'द' गाळतात. 'टर्न अ डेफ इअर' नंतर 'टू' लागतं, तिथं 'ऑन' किंवा 'फॉर' घालून देतात. 'हेड ओव्हर हील्स' मध्ये 'हील' लिहितात. 'बॅग अँड बॅगेज' ला एस नाही. आपण मराठीत आर्टिकल वापरत नाही, त्यामुळं वाचताना 'अ' आणि 'द' आपल्या नजरेतून सुटतात. वहीत हे दोन शब्द लाल पेननं लिहा आणि पाठ करताना मोठ्यानं म्हणा.

क्रियापद मात्र काळाप्रमाणं बदलतं. 'बेअर द ब्रंट ऑफ' चं भूतकाळी रूप 'बोअर द ब्रंट'. यादीत फक्त मूळ रूप असतं म्हणून वाक्यात 'बोअर' दिसलं की ओळखू येत नाही. बेअर, ब्लो, टेक, फॉल, स्ट्राइक यांवरच्या इडियम्सपुढं तिन्ही रूपं लिहून ठेवा.

मलप्रभाकाठ

सर, एका शब्दावरचे इडियम्स शेजारी लिहायचे म्हणालात, त्याचा एखादा नमुना द्याल का?

निपाणीची ताई

सर येईपर्यंत मी देते. 'आइस' घ्या. 'ब्रेक द आइस': अनोळखी माणसांत पहिल्यांदा बोलणं सुरू करून अवघडलेपण घालवणं. 'कट नो आइस': समोरच्यावर काहीच परिणाम न होणं, पुढं 'विथ' येतं. 'ऑन थिन आइस': धोक्याच्या स्थितीत. 'टिप ऑफ द आइसबर्ग': मोठ्या प्रश्नाचा दिसणारा छोटा भाग.

किंवा 'लेटर'. 'टू द लेटर' म्हणजे तंतोतंत. 'मॅन ऑफ लेटर्स' म्हणजे साहित्यिक, विद्वान. इथं 'पोस्टमन' असा पर्यायसुद्धा ठेवतात. 'रेड लेटर डे' म्हणजे संस्मरणीय शुभ दिवस. लाल रंग बघून धोका समजू नका. 'डेड लेटर' म्हणजे कागदावर असलेला पण अंमलात नसलेला कायदा. असे गट सॉल्ट, वॉटर, हँड, आय, कॅट, ब्लू यांवर करा. एका पानावर एकच गट, आणि प्रत्येकापुढं अधिक-उणे चिन्ह. 'सॉल्ट'चं पान तुम्ही करून इथं टाका: 'विथ अ पिंच ऑफ सॉल्ट', 'वर्थ वन्स सॉल्ट', 'सॉल्ट ऑफ द अर्थ', 'रब सॉल्ट इन द वूंड'. चिन्हं बरोबर आहेत का ते बघून सांगते.